इंत्रुज : उपवासाची देवडी

गोव्यात 'इंत्रुज' म्हटले की सोंगे, रंग आणि धांगडधिंगा डोळ्यांपुढे उभा राहतो. पण शब्दाचे मूळ पाहा. पोर्तुगीजमधून तो आला आणि मूळ लॅटिनात त्याचा अर्थ 'प्रवेश'. कशात प्रवेश? तर ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात. म्हणजे ही धमाल उपवासाची वैरीण नव्हे, त्याची देवडीच म्हणा ना!

गोव्याच्या साष्टी महालातली तयारी त्याही आधी सुरू होई. उपवासकाळात थाटाने लग्न लावायला चर्चची मनाई. म्हणून कार्ये आधीच उरकण्याची घाई. मग शेवटचे तीन दिवस मांसाहार भरपूर आणि अंगणाअंगणांतून 'खेळ'. चांदर गावी इंत्रुजच्या सोमवारी ख्रिस्ती पुरुष मुसळे घेऊन 'मुसळ खेळ' करतात. धर्म बदलून शतके लोटली, पण मुसळ काही हातचे सुटले नाही.

बुधवारी सारे शांत. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मंत्रून ठेवलेली पाने जाळून त्यांची राख पाद्री कपाळी लावतो. हा राखेचा बुधवार. ईस्टर चंद्रावर ठरतो, आणि त्याच्या ४६ दिवस आधी हा बुधवार येतो. मधले रविवार उपवासाचे नव्हेत, म्हणून मोजणीत चाळीसच. त्यामुळे तो अमावास्येच्या आसपास पडतो आणि पुष्कळ वर्षी महाशिवरात्रीनंतर आठवडाभरात येतो. २०२६ साली १५ फेब्रुवारीला शिवरात्र, १८ ला राखेचा बुधवार. एकाच आठवड्यात दोन्ही शेजाऱ्यांच्या कपाळी भस्म!

ही झाली बाहेरची तयारी. मनाची तयारी कोणत्या भाषेत व्हायची? मिसा लॅटिनमध्ये, ती शेतकऱ्याला काय कळणार? फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि पुढचे आयुष्य त्यांनी बहुतेक साष्टीतच काढले. नवख्रिस्ती त्यांना म्हणत, आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग आम्ही वाचावे तरी काय? तक्रार रास्त होती. स्टीफन्सनी ती मनावर घेतली आणि मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापले गेले. पुढे ते चर्चमधून वाचले जाई. येशूच्या दुःखभोगाची जी कथा उपवासकाळाचा गाभा, ती गावाला ओवीच्या ओळखीच्या चालीवर ऐकू आली. माझ्या मते राखेपेक्षाही हीच तयारी मोठी.

पण १६८४ साली व्हॉइसरॉयचे फर्मान निघाले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. बोलणे काही थांबले नाही. ग्रंथाचे मात्र हाल झाले. सतराव्या शतकातल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी हस्तलिखिते जपली, म्हणून १९०७ साली मंगळूरला पुराण पुन्हा छापता आले. देवनागरीत ते १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी आणले. म्हणजे मराठी ग्रंथाला मराठी लिपीत छापून यायला ३४० वर्षे लागली!

पुढे १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी सक्तीचा उपवास दोनच दिवसांवर आणला, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. शिक्षक बंधुभगिनींना ग्रंथालयात हे पुराण मिळाले, तर त्यातला दुःखभोगाचा भाग मोठ्याने वाचून पाहावा. डोळ्यांना तो अडखळवतो, कानाला लवकर कळतो.