कोरड्या उन्हात कूलर तारतो, दमट हवेत का हरतो?

रायपूर : मे महिन्यात रायपूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि शेजारच्या विदर्भाप्रमाणेच छत्तीसगडच्या या राजधानीतही खिडक्याखिडक्यांत कूलर सुरू होतात. मोसमी पाऊस आला की मात्र तेच यंत्र निरुपयोगी वाटू लागते. यंत्र बिघडलेले नसते. हवेतील ओलावा वाढलेला असतो.

पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनात सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. कूलरमधील पंप वाळ्याच्या किंवा लाकडी तंतूंच्या ताट्या सतत भिजवत ठेवतो आणि पंखा बाहेरची हवा त्यांतून आत ओढतो. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता या हवेतूनच घेतली जाते. त्यामुळे हवा थंड, पण दमट होते. दारांवर वाळ्याचे ओले पडदे टांगण्याची जुनी रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

या गारव्याला एक मर्यादा असते. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक वाऱ्यात जे तापमान दाखवतो, त्याला आर्द्र-बल्ब तापमान म्हणतात. कूलरची हवा त्याहून थंड होऊ शकत नाही. तापमान ४३ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असताना ही मर्यादा सुमारे २५ अंश असते. चांगला कूलर २८-२९ अंशांची हवा देऊ शकतो. पावसाळ्यात ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना हीच मर्यादा २९ अंशांच्या आसपास जाते आणि फरक जेमतेम दोन-तीन अंशांचा उरतो.

त्यामुळे कूलर लावताना समोरची खिडकी थोडी उघडी ठेवणे आवश्यक ठरते. बंद खोलीत ओलावा साचतो, घाम वाळत नाही आणि शरीराची स्वतःला थंड ठेवण्याची क्षमता घटते. टाकीत बर्फ टाकल्यानेही फारसा लाभ होत नाही. तेवढ्याच वजनाच्या पाण्याचे बाष्पीभवन वितळत्या बर्फाच्या सुमारे सातपट उष्णता शोषते.

मोठ्या इमारतींत अप्रत्यक्ष पद्धतीही वापरली जाते. तीत पाण्याने थंड झालेली हवा धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांच्या एका बाजूने वाहते आणि दुसऱ्या बाजूची खोलीत जाणारी हवा ओलावा न वाढता थंड होते.

टाकीतील साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची पैदास होते. म्हणून टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करावी. धातूच्या कूलरला अर्थिंग असावे आणि पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावा. हवा दमट झाल्यावर पंप बंद ठेवून केवळ पंखा चालवणे श्रेयस्कर.