जुनी इंग्रजी लोखंडी कॉट बाळासाठी सुरक्षित आहे का?

व्हिक्टोरियन काळातील इंग्लंडमध्ये मुलांच्या कॉट आणि खुर्च्या घडीव लोखंडाच्याही बनत. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या अनेकांना जुन्या बाजारात अशी कॉट आवडते. मात्र बाळाला त्यात झोपवण्यापूर्वी दोन धोके समजून घ्या.

१. रंगातील शिसे
लोखंड अपायकारक नसते, त्यावरचा जुना रंग असू शकतो. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त रंगाची सर्वसामान्यांना होणारी विक्री १९९२ मध्ये बंद झाली. त्यापूर्वीच्या वस्तूवर नवा रंग दिसला तरी खालच्या थरात शिसे असू शकते. दात येणारे बाळ कठडा चावते, पोपडे तोंडात घालते. पोटात गेलेले शिसे मुले प्रौढांपेक्षा ४ ते ५ पट जास्त शोषतात. शरीरात लोह कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते.

२. गजांमधील अंतर
ब्रिटनच्या सध्याच्या मानकानुसार हे अंतर ४५ ते ६५ मिमी असावे. जास्त असल्यास बाळाचे धड बाहेर सरकते, डोके अडकते आणि श्वास कोंडू शकतो. नक्षीतही मान अडकू शकते. गादी आणि कठडा यांत फट नको.

लक्षणे कोणती?
बहुतेकदा सुरुवातीला काहीच दिसत नाही. पुढे पोटदुखी, बद्धकोष्ठता, भूक मंदावणे, चिडचिड, फिकटपणा किंवा बोलणे-शिकणे मागे पडणे दिसू शकते. मेंदूवरील परिणाम कायमचा राहू शकतो. म्हणून लक्षणांची वाट पाहू नका.

काय करावे?
• कॉटचा वापर लगेच थांबवा.
• रंग घरी घासू किंवा जाळू नका. धूळ आणि धूर अधिक घातक असतात. गर्भवतींनी दूर राहावे.
• रंगाची तपासणी प्रयोगशाळेत करून घ्या. घरगुती किटचा निकाल नेहमीच अचूक नसतो.
• बाळाचे हात आणि खेळणी धुवा. फरशी ओल्या फडक्याने पुसा.
• डॉक्टरांना सांगून रक्तातील शिशाची तपासणी करा. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आढळल्यास शिसे कुठून येते ते शोधून संपर्क थांबवावा.

झटके, सतत उलट्या किंवा गुंगी असल्यास त्वरित रुग्णालय गाठा.

रंग तज्ज्ञांकडून काढून घेतला, तरी गजांमधील अंतर बदलत नाही. अशी कॉट शोभेसाठी ठेवा; बाळाला सध्याच्या मानकाच्या कॉटमध्येच झोपवा.