बॉनच्या दप्तरातले बाबासाहेब

बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी दर एप्रिलमध्ये नव्याने फिरू लागते. मुंबई, कोलंबिया, लंडन, ग्रेज इन आणि पुष्कळदा शेवटी बॉन. पहिल्या चार नावांपुढे काय मिळवले आणि कधी मिळवले, ते लिहिता येते. बॉनपाशी आल्यावर मात्र यादी करणारा ‘उच्च शिक्षण’ एवढ्यावर भागवतो, किंवा सरळ एक डॉक्टरेट बहाल करून टाकतो. त्या मोघम शब्दामागे नेमके काय घडले होते, हे कागद आणि तारखा शेजारी ठेवून पाहिले तर बरेचसे लावता येते.

पहिला कागद २५ फेब्रुवारी १९२१ चा. बॉन विद्यापीठातल्या प्रवेशासाठी भीमराव आंबेडकरांनी लिहिलेले हे पत्र आहे. ते जर्मन भाषेत आहे आणि त्यांच्याच हस्ताक्षरात आहे. तेव्हा त्यांचे वय २९ वर्षांचे होते आणि मुक्काम लंडनला होता. सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून शिल्लक टाकलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज एवढ्या पुंजीवर ते १९२० च्या जुलैमध्ये दुसऱ्यांदा विलायतेला गेले होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, अशी दोन शिक्षणे एकाच वेळी चालू होती. त्यात हा तिसरा अर्ज, तोही तिसऱ्याच देशात आणि परक्या भाषेत.

ही भाषा त्यांना आली कुठून? याचे उत्तर न्यूयॉर्कच्या दप्तरात आहे. १९१३ ते १९१६ या तीन वर्षांत त्यांनी कोलंबियात घेतलेल्या विषयांची नोंद अशी: अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्रारंभिक फ्रेंचचा १, प्रारंभिक जर्मनचा १. म्हणजे एकूण ६० अभ्यासक्रमांत जर्मनच्या वाट्याला एकच आला होता, तोही अगदी पहिल्या पायरीचा. त्या काळी अमेरिकी विद्यापीठांत डॉक्टरेट करणाऱ्याला या दोन भाषांतले ग्रंथ वाचता यावेत अशी अपेक्षा असे. वाचण्यापुरती भाषा येणे आणि त्या भाषेत अर्ज लिहून आपली बाजू मांडणे यांत मोठे अंतर आहे. मधल्या पाच वर्षांत भारतातली नोकरी, बडोद्यातला अपमान, ‘मूकनायक’ची सुरुवात हे सगळे होऊन गेले होते. तरीही हे अंतर ओलांडले गेले, याची साक्ष ते पत्रच देते.

दुसरा प्रश्न, बॉनच का? पत्रात प्रा. हेर्मान याकोबी यांचे नाव येते. याकोबी अर्थशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. संस्कृत, प्राकृत आणि जैन साहित्य हा त्यांचा विषय होता आणि १८७३–७४ मध्ये ते भारतात येऊन गेले होते. बॉनला संस्कृतची परंपराही जुनी. जर्मनीतले संस्कृतचे पहिले अध्यासन तिथेच निघाले आणि १८१८ मध्ये त्यावर आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल यांची नेमणूक झाली. अर्थशास्त्राचा विद्यार्थी जर्मनीत जाताना अशा माणसाचे नाव पुढे करतो, तेव्हा त्याच्या मनात केवळ रुपया आणि प्रांतिक वित्त नसावे, असा तर्क करायला जागा आहे.

या तर्काला बळ मिळते ते बाबासाहेबांच्याच आठवणीतून. शाळेत त्यांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. मराठी घरची, इंग्रजी शिक्षणाची, फारसी नाइलाजाची, असा त्यांचा भाषाप्रवास होता. जी भाषा मुंबईच्या वर्गात शिकू दिली नाही, तिच्या युरोपातल्या एका मोठ्या पंडिताच्या दारापर्यंत जाण्यासाठी त्यांनी आणखी एक परकी भाषा हाताशी घेतली, असे चित्र त्यातून उभे राहते. पण तर्काला तर्कच म्हणावे. याच पत्राला दुसरे, व्यवहारी कारणही असू शकते. कोलंबियाची पीएच.डी. प्रबंध छापून सादर केल्याशिवाय मिळत नसे. तो १९२५ मध्ये छापला गेला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. म्हणजे १९२१ मध्ये त्यांच्या हाती औपचारिक अशी एकही डॉक्टरेट नव्हती. बॉनने ती उणीव लवकर भरून काढली असती. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असायलाही हरकत नाही.

तिसरी नोंद २९ एप्रिल १९२१ ची. बॉन विद्यापीठाच्या पटावर त्यांचे नाव दाखल झाले. जर्मन विद्यापीठांचे उन्हाळी सत्र एप्रिलमध्येच सुरू होते, तेव्हा तारीख जुळते. जुळत नाही ते लंडनचे वेळापत्रक. त्याच जूनमध्ये त्यांच्या एम.एस्‌सी.चा प्रबंध मान्य झाला. ब्रिटिश भारतातल्या साम्राज्यीय वित्ताचे प्रांतिक विकेंद्रीकरण हा त्याचा विषय. पुढे डी.एस्‌सी.चे काम डोक्यावर होते, ग्रेज इनच्या टर्म्स भरायच्या होत्या. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर, जे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले, तिथला त्यांचा मुक्काम १९२१–२२ चाच. एक माणूस दोन शहरांत राहू शकत नाही.

चौथी नोंद हेच सांगते. जानेवारी १९२२ मध्ये, वर्गांना हजर न राहिल्यामुळे, बॉनने त्यांचे नाव पटावरून कमी केले.

आता चरित्रग्रंथांकडे वळू. धनंजय कीर यांच्यासारखे चरित्रकार बॉनचा मुक्काम सांगतात तो वेगळ्या काळातला. ऑक्टोबर १९२२ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा डी.एस्‌सी.चा प्रबंध लंडनला सादर करून बाबासाहेब बॉनला गेले आणि सुमारे तीन महिने राहिले, असे हे कथन आहे. वरवर पाहता दप्तर आणि चरित्र यांत विरोध दिसतो. पण दोन्ही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात. दप्तर सांगते ते नोंदणीबद्दल आणि चरित्र सांगते ते प्रत्यक्ष जाण्याबद्दल. नाव होते तेव्हा माणूस लंडनला होता. माणूस गेला तेव्हा १९२१ ची ती नोंदणी रद्द झालेली होती.

तो हिवाळाही साधा नव्हता. महायुद्धानंतर ऱ्हाईनचा डावा काठ दोस्तांच्या ताब्यात होता आणि बॉनमध्ये फ्रेंच फौज होती. ११ जानेवारी १९२३ रोजी फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य शेजारच्या रूर प्रदेशात घुसले. युद्धापूर्वी एका डॉलरला ४.२ मार्क मिळत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी मिळू लागले. पौंड बाळगणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला अशा देशात राहणे स्वस्त पडे. पण बाबासाहेबांकडचे पौंडही संपत आले होते. त्यातच लंडनहून मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांचे बोलावणे आले. प्रबंधातली ब्रिटिश धोरणावरची टीका परीक्षकांना खटकली होती. मार्च १९२३ मध्ये ते लंडनला परतले आणि एप्रिलमध्ये मुंबईला उतरले. सुधारलेला प्रबंध इथूनच पाठवला. त्या वर्षअखेर डी.एस्‌सी. मिळाली आणि ग्रंथही निघाला. बॉनचा धागा तिथेच तुटला. याकोबीही १९२२ मध्येच निवृत्त झाले होते.

या तुटलेल्या धाग्याचे एक टोक १९४६ मध्ये सापडते. ‘हू वेअर द शूद्राज?’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेब संस्कृतवर आपले प्रभुत्व नसल्याचे मोकळेपणाने मान्य करतात, आणि या विषयावरचे साहित्य आपण इंग्रजी अनुवादांतून १५ वर्षे अभ्यासले आहे, तेवढी तयारी पुरेशी आहे, असे ठामपणे सांगतात. बॉनची ती सत्रे पुरी झाली असती, तर ही प्रस्तावना कदाचित वेगळी लिहिली गेली असती.

हे आज उकरून काढायचे कारण नवी मुंबईत रोज दिसते. वाशी, नेरुळ, खारघरमध्ये जर्मनचे वर्ग चालतात; पोरे ए-वन, बी-वनच्या पायऱ्या चढत असतात. २०२३–२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते, कोणत्याही दुसऱ्या देशातून आलेल्यांपेक्षा जास्त. नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीत शिकायला जाणाऱ्या भारतीयांना आपली इथली प्रमाणपत्रे आधी तपासून घ्यावी लागतात. ही तपासणी करणाऱ्या एपीएसचा दाखला हातात पडेपर्यंत घरच्यांना झोप नसते. ऐरोलीच्या सेक्टर १५ मध्ये महापालिकेने बाबासाहेबांचे स्मारक उभारले आहे आणि त्यात ग्रंथालयही आहे. तिथे अभ्यासाला बसणाऱ्याला बाबासाहेबांची नसलेली जर्मन पदवी सांगून काय मिळणार? एका प्रारंभिक अभ्यासक्रमाच्या भांडवलावर, कर्जाच्या पैशात, दोन पदव्यांच्या ओझ्याखाली त्यांनी परक्या भाषेत अर्ज लिहिला, तो मान्यही झाला, आणि तरी ते शिक्षण पुरे झाले नाही. ज्याचा स्वतःचा अर्ज अडकलेला आहे, त्याच्या कामाची गोष्ट ही आहे.

तेव्हा यादीतले बॉन खोडण्याचे कारण नाही, त्यापुढचा मजकूर मात्र दुरुस्त करावा. अर्ज, २५ फेब्रुवारी १९२१. नोंदणी, २९ एप्रिल १९२१. नाव कमी, जानेवारी १९२२. पदवी नाही. अर्ज जर्मनमध्ये, स्वतःच्या हस्ताक्षरात.