सिकलसेल वाहक दांपत्य आणि आरोग्य विमा : काय मिळते, काय नाही

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार विदर्भात आदिवासींप्रमाणेच बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. ‘एएस’ पॅटर्नची व्यक्ती वाहक असते, सहसा आजारी नसते. पण पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ म्हणजे रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

दोन मार्ग

पहिला, गर्भाची तपासणी. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यात हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी तिला परवानगी आहे. मात्र अहवाल ‘एसएस’ आला, तर गर्भ ठेवायचा की नाही हा कठीण निर्णय बाईच्या वाट्याला येतो.

दुसरा, पीजीटी. यात आयव्हीएफने तयार केलेला भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वीच तपासतात. आनुवंशिक आजारांसाठी २०२१ च्या एआरटी कायद्याने ही तपासणी मान्य केली आहे. खर्च मात्र लाखांत जातो.

विमा काय म्हणतो?

विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जनुकीय आजार पॉलिसीतून वगळता येत नाहीत. त्याच सूचनांतील ‘एक्सक्लूजन १७’ मात्र वंध्यत्वाच्या नावाखाली आयव्हीएफचा खर्च वगळण्याची मुभा कंपन्यांना देते. म्हणजे सिकलसेलग्रस्त मुलाला दवाखान्यात भरती केले तर क्लेम करता येतो. तो आजार टाळू पाहणाऱ्या आई-वडिलांना मात्र खर्च खिशातून करावा लागतो. वास्तविक ही जोडपी वंध्य नाहीतच. इंग्लंडमध्ये पात्र वाहक जोडप्यांसाठी पीजीटीचा खर्च सरकारी आरोग्यसेवा करते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

- वस्तीत लग्नाआधीच्या सिकलसेल तपासणीचा आग्रह धरावा. अहवाल गुप्त ठेवावा. त्यावरून कोणाचीही बदनामी होऊ देऊ नये.
- पॉलिसीत ‘एक्सक्लूजन १७’ पाहावे. नोकरीतील ग्रुप पॉलिसीत वंध्यत्व उपचारांचे जादा कव्हर असल्यास त्यात पीजीटी येते का, हे लेखी विचारावे.
- आजार जनुकीय असल्याचे कारण देऊन क्लेम नाकारल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही.
- २०२३ च्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे. बौद्ध वस्त्यांतही तपासणी आणि वाहकांसाठी पीजीटीला अर्थसाहाय्य, ही मागणी लावून धरावी.

आजार टाळण्याचा हक्क मागताना आज सिकलसेलसह जगणाऱ्यांचा सन्मान कमी होता कामा नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. रुग्णांना प्रमाणपत्र मिळवून देणे, हेही आपलेच काम आहे.