घाटातला टोस्ट आणि आकाशातला पाव

मुंबईत पाऊस कोसळतोय आणि चेन्नईहून आलेलं तुमचं विमान उतरायची परवानगी मिळेपर्यंत घिरट्या घालतंय. जेवणाचा ट्रे केव्हाच नेला. त्यातला पाव तेवढा तुम्ही कागदी रुमालात गुंडाळून ठेवलात, कारण अन्न टाकायचं नाही ही घरची शिकवण. आता तो दाबून बघा. दबत नाही. तोडलात तर मांडीवर भुगा. ढगांना फट पडते आणि खाली पवनेचं पाणी, लोहगडाचा विंचूकाटा, पलीकडे लोणावळा.

लोणावळा समुद्रसपाटीपासून जेमतेम 620 मीटरवर. तुम्ही जेवत होतात तेव्हा केबिनमधला हवेचा दाब 1,800 ते 2,400 मीटरवर असतो तेवढा होता, म्हणजे बसल्या जागी तुम्ही कळसूबाईच्याही वर होतात. हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली; पावसाळ्यातल्या मावळात पापड पाच मिनिटांत सादळतो, त्याच्या नेमकं उलट. अशा हवेत नाक कोरडं पडतं आणि मीठ-साखर जिभेला कमी लागते.

पण पावाचा घात त्याआधीच झालेला असतो. विमानातलं जेवण जमिनीवर रांधतात, थंड करतात आणि वर नेऊन पुन्हा गरम करतात. पाव शिळा होणं म्हणजे नुसतं वाळणं नव्हे. भट्टीत फुललेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट बांधला जातो आणि ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात वेगाने होते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या इंद्रायणी तांदळाचा भात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून बघा, सकाळी तोच प्रकार. गरम केला की पाव क्षणभर मऊ होतो, निवला की पहिल्याहून कडक.

तेव्हा ठेवा तो पाव आणि उतरा खाली. जरा काळातही मागे या.

उतरताना 1958 लागेल. अटलांटिकवरच्या विमानांत स्वस्त वर्गाला फक्त सँडविच द्यायचं असं ठरलेलं. स्कँडिनेव्हियन विमान कंपनीने पावावर एवढा थाट रचला की प्रतिस्पर्धी पॅन अ‍ॅमने तक्रार केली आणि सँडविच कशाला म्हणावं यावर विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना वाद घालत बसली. आणखी खाली 1932. टाटांचं टपाल घेऊन नेव्हिल विन्सेंट जुहूहून सह्याद्री ओलांडून बेल्लारीमार्गे मद्रासला निघालाय. विमानात पत्रांच्या थैल्या आहेत, पावाचा प्रश्नच नाही.

पाय टेकतात ते 1 जून 1930 ला. मुंबई-पुण्याची गाडी, दख्खनची राणी, पहिल्यांदा धावतेय, सात-सात डब्यांचे दोन संच, एक रुपेरी, दुसरा निळा. घाटात विजेचं इंजिन. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात आहेत आणि इकडे पुण्याच्या रेसला निघालेले साहेब खिडकीशी बसलेत. तुम्हाला मात्र इथे बसता यायचं नाही. तिसऱ्या वर्गाला या गाडीत 1955 पर्यंत जागा नव्हती. पुढे सरका.

जुलै 1967. हे ठीक आहे. पेरांबूरचे पोलादी डबे येऊन वर्ष झालंय. संध्याकाळची गाडी, कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागलीत आणि 37 ला 1 असा चढ सुरू झालाय. डायनिंग कारमध्ये कशीबशी एक खुर्ची मिळते. समोर लोणावळ्याचे एक पासवाले गृहस्थ, ओली छत्री पायाशी.

"काय आणू साहेब?"

तुम्ही चहा म्हणता. गृहस्थ वर्तमानपत्र खाली करतात. "अहो, आधी टोस्ट मागवा. चहा थांबेल, टोस्ट थांबत नाही."

बोगदा येतो. दिवे पिवळे होतात, खिडकीवर पाण्याचे ओघळ आडवे पळतात आणि पँट्रीतून करपट-गोड वास येतो, भाजल्या जाणाऱ्या पावाचा. बशी येते. स्लाइसच्या कडा तपकिरी, वर चीज वितळून एका कोपऱ्यात खाली घसरलेलं. उचलताना बोट पोळतं. दाताखाली आधी कुर्रकन आवाज, मग आत मऊ, आणि मिठाची चव थेट जिभेवर.

हा पाव काही थोर मैद्याचा नाही हं. दोन दुष्काळ नुकतेच होऊन गेलेत, रेशनच्या दुकानात अमेरिकेचा पीएल-480चा लाल गहू आणि मिलो ज्वारी मिळतेय. तुमच्या विमानातल्या पावाचा मैदा कदाचित याहून चांगला असेल. फरक एवढाच की इथे टोस्टर आणि टेबल यांत दहा पावलांचं अंतर आहे. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते तसं. तुमच्या विमानात ते अंतर काही तासांचं होतं.

लोणावळा आलं. गृहस्थ छत्री घेऊन उतरतात. तुम्हीही निघा, वर वैमानिक पट्टे बांधायला सांगतोय.

माझं मत विचाराल तर दोन तासांच्या उड्डाणात पाव देऊच नये. ठेपला द्यावा, दशमी द्यावी, निवल्यावरही चव टिकवणाऱ्या गोष्टी आपल्याकडे काही कमी नाहीत. आणि पाव मिळालाच, तर तो रुमालात गुंडाळू नका. गरम हाती येताच, बाकी डबे उघडण्याआधी खाऊन टाका. टोस्टच हवा असेल तर रेल्वेने जा: 2022 मध्ये दख्खनच्या राणीला नवे डबे आले, तेव्हाही डायनिंग कार कायम ठेवली.