जागतिक वारसा : यादीत नाव कसे लागते?

अजिंठा-वेरूळची सहल काढली की 'जागतिक वारसा' हे शब्द कानावर पडतात. पण हा मान कोण देतं, कसा देतं, हे आपल्या उपासक-उपासिकांना ठाऊक असावं, म्हणून आम्ही हा लेखनप्रपंच केला आहे.

१९७२ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा करार केला. १९७७ मध्ये भारत त्यात सामील झाला. १९८३ साली भारताची पहिली चार स्थळे यादीत आली : अजिंठा, वेरूळ, ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला. पुढे सांची (१९८९), बुद्धगयेचे महाबोधी महाविहार (२००२) आणि नालंदा (२०१६) यांना मान मिळाला.

युनेस्को आपण होऊन स्थळ निवडत नाही. पहिली निवड देशाचे सरकार करते. सांस्कृतिक स्थळांचे काम आपल्याकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण पाहते. आधी नाव संभाव्य यादीत घालतात. तिथे निदान एक वर्ष गेल्यावरच प्रस्ताव पाठवता येतो, आणि आता एका देशाला वर्षाला एकच पाठवता येतो. मग रांग लांबणारच! सारनाथचे नाव संभाव्य यादीत १९९८ साली लागले. प्रस्ताव गेला २०२५-२६ च्या फेरीसाठी.

प्रस्तावात नुसते थोरपण सांगून भागत नाही. जगात याला तोड आहे काय? मूळ रूप किती टिकले? हद्द कोणती? देखभाल कोण करणार? सगळं पुराव्यानिशी द्यावं लागतं. तज्ज्ञ येऊन पाहणी करतात आणि शेवटी २१ देशांची समिती निर्णय देते.

२०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले, महाराष्ट्रातले ११ व तामिळनाडूतला जिंजी, मिळून एकच स्थळ म्हणून यादीत गेले. मग कार्ले, भाजे, बेडसे, कान्हेरी, जुन्नर इथली लेणीही अशीच एकत्र का मांडू नयेत? कार्ल्याच्या भिंतीवर दान देणाऱ्या सुताराचे, सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव ब्राह्मीत कोरले आहे. राजांइतकाच हा कष्टकऱ्यांचा इतिहास आहे.

प्रस्ताव सरकार पाठवील, पण पुरावा राखणं आपल्या हाती आहे. लेण्यात कोळशाने वा खिळ्याने नाव लिहिणारा पोरगा आपल्याच वस्तीतला असू शकतो. त्याला तिथेच थांबवा, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या सुताराचं नाव दाखवा.

भवतु सब्ब मंगलं!