कौलाखालची हवा आणि भिंतींतली तार

गेल्या वैशाखांत पेण तालुक्यांतील जोहे या गांवीं आमच्या एका आप्तांच्या नव्या घराचें काम चालू असतां आम्हांस तेथें चार दिवस राहण्याचा योग आला. जोहे हा गांव गणपतीच्या मूर्तींसाठीं प्रसिद्ध आहे. हमरापूर-जोहे या टापूंत घराघरांतून मूर्ति तयार होतात. त्यामुळें तेथें घर बांधावयाचें म्हणजे पुष्कळदां कारखानाही त्याच छपराखालीं बसवावयाचा असतो. घराचा नकाशा ओटीवर पसरला होता, आणि आप्तांचे चिरंजीव संगणकाच्या, कॅमेऱ्यांच्या व सौर विजेच्या तारा कोणत्या भिंतींतून न्यावयाच्या तें पेन्सिलीनें दाखवीत होते. त्यांच्या आजींनीं चष्मा सांवरून सगळा कागद पाहिला आणि एवढेंच विचारलें, "अरे, ह्यात माळा कुठं आहे?"

माळा नव्हता, वर काँक्रीटची स्लॅब होती. "उकडलं तर एसी आहे ना, आजी," असें उत्तर मिळालें. त्यानें आजींचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नाहीं.

या जिल्ह्याचें रायगड हें नांव १९८१ पासूनचें. त्यापूर्वीं तो कुलाबा जिल्हा. त्या कुलाब्यांतील जुनें घर ज्यांनीं आंतून पाहिलें आहे त्यांस हें ठाऊक असेल कीं, घर गरिबाचें असो वा खोताचें, त्याची सारी रचना ऊन आणि पाऊस या दोघांस माणसापासून दूर ठेवण्यासाठीं केलेली असे. गरिबाच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, दोन्ही अंगांनीं शेणमातीनें लिंपलेल्या. सधनाच्या दगडमातीच्या, चांगल्या हात-दीड हात जाडीच्या. भोंवतीं पडवी असल्यामुळें दुपारचें ऊन मुख्य भिंतीस शिवत नसे. पाखें इतकें खालीं उतरलेलें असे कीं आंत शिरतांना मान लववावी लागे. पावसाळ्याच्या तोंडीं कौलें चाळून घेत आणि पश्चिमेच्या अंगास झावळ्यांचा वा पेंढ्याचा आडोसा बांधीत. आणि माजघरावर माळा; त्यावर भात, पेंढा, गोवऱ्या व सगळ्या घराची अडगळ.

हा माळा केवळ सांठवणीची जागा होती असें समजणें चुकीचें होईल. पेंढ्याच्या काड्यांत सांपडलेली हवा जागची हालत नाहीं, आणि न हालणाऱ्या हवेइतकें उष्णतेस अडविणारें स्वस्त साधन दुसरें नाहीं. तितक्याच जाडीच्या काँक्रीटमधून जेवढी उष्णता खालीं येते तिचा विसावा हिस्साही कोरड्या पेंढ्यांतून येत नाहीं. माळ्यावर जी हवा तापे ती नळीच्या कौलांच्या फटींतून आपोआप निघून जाई. कोणी शास्त्र म्हणून हें सांगितलें नाहीं. परंतु वैशाखांतल्या दुपारीं माजघरांत निजलेल्या माणसास तें कळत होतें.

जुन्या घराची ही स्तुति करतांना आम्ही त्याचे दोष विसरलों आहों असें मात्र कोणी समजूं नये. त्या माजघरांत दिवसाही अंधार असे, चुलीच्या धुरानें घरांतील बायकांचे डोळे जात, वाळवी वासे पोखरी, आणि माळ्यावर उंदरांमागून साप येत. "जुनें तें सोनें" म्हणणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं त्या चुलीपुढें स्वयंपाक केलेला असतो.

१८६५ सालीं बासेल मिशनच्या प्लेब्स्ट यांनीं मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि खांचेंत खांच बसणारीं तीं चपटीं कौलें पुढें किनाऱ्यानें वर सरकत कोंकणांत आलीं. छप्पर हलकें झालें, गळती कमी झाली. पण माळा राहिला. तो गेला पुढें, आणि त्याच्या जाण्याशीं विजेचा संबंध आहे.

विजेचा या जिल्ह्यांतील इतिहास मोठा चमत्कारिक आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवावें, तें सुमारें पांचशें मीटर खालीं कोंकणांत सोडून चक्रें फिरवावीं आणि ती वीज मुंबईस न्यावी, ही टाटांची योजना. तिचें पहिलें केंद्र खोपोलीस १९१५ सालीं सुरू झालें, दुसरें भिवपुरीस १९२२ सालीं, तिसरें भिऱ्यास १९२७ सालीं. तिन्ही कुलाबा जिल्ह्यांत. भिऱ्यासाठीं वर घाटावर मुळशीस धरण बांधावें लागलें, आणि तेथील मावळ्यांची भातशेतें पाण्याखालीं जाऊं लागतांच १९२१ सालीं मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला; सेनापति बापट हें नांव महाराष्ट्रास मुख्यतः त्या लढ्यानें परिचित झालें. धरण व्हावयाचें तें झालें. भिऱ्याचें चक्र फिरवून सुटलेलें पाणी कुंडलिकेस मिळून रोह्यावरून समुद्रास जाऊं लागलें, आणि त्या पाण्यापासून काढलेली वीज उंच मनोऱ्यांवरील तारांतून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. ज्या जिल्ह्यांत ती निपजली तेथील बहुतेक खेड्यांत पुढें कित्येक दशकें रॉकेलची चिमणीच जळत होती. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० सालीं स्थापन झालें, आणि त्यानंतर खेडोपाडीं खांब दिसूं लागले.

तार घरांत आली ती प्रथम पाहुण्यासारखी, भिंतीबाहेरून. वाशावरून व खांबावरून लाकडी पट्टी ठोकून तीवर तार बसवीत. एक दिवा ओटीवर, एक माजघरांत, काळा गोल खटका आणि चिनी मातीचा फ्यूज. कुडाच्या वा मातीच्या भिंतींत तार पुरणें शक्यच नव्हतें. विटांची भिंत व सिमेंटचा गिलावा आल्यावर ती नळींतून भिंतीच्या पोटांत शिरली. पंखा आला, आणि पंखा आहे म्हटल्यावर माळा, पडवी, उंच पाखें हीं सर्व अनावश्यक वाटूं लागलीं. स्लॅबचें घर म्हणजे प्रतिष्ठा. तें वाळवीस व आगीस भीत नाहीं हें खरेंच. परंतु दिवसभर तापलेली स्लॅब सायंकाळनंतर ती उष्णता खोलींत सोडूं लागते, म्हणजे नेमकी माणसें निजावयास जातात तेव्हां. मग गच्चीवर पत्र्याची शेड घालतात! कोंकणांत आज जिकडेतिकडे दिसणारी ही शेड म्हणजे मोडून टाकलेला माळाच होय, दुप्पट खर्चानें परत आणलेला.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. त्यांत पत्रे उडाले, खांब आडवे झाले, आणि जिल्ह्यांतील कित्येक गांवांत वीज परत येण्यास आठवडे लागले. ज्या घरास श्वास घेण्यासाठींही विजेची गरज असते तें घर कसें असतें, याचा अनुभव त्या आठवड्यांत पुष्कळांनीं घेतला.

हें सर्व आम्हीं त्या नकाशापुढें बोलून दाखविलें. चिरंजीव हुशार, त्यांनीं वाद न घालतां पेन्सिल उचलली. तारांचें त्यांचें काम मुळांत चांगलेंच होतें: दिव्यांस दीड चौरस मिलिमीटरची तार, मोठ्या उपकरणांस चारची, रंगाच्या फवाऱ्याचा कॉम्प्रेसर असलेल्या कारखान्यास निराळी लाइन, आणि ओल्या हवेंतील धोका ओळखून ३० मिलिअँपिअर गळतीस वीज तोडणारा खटका. माहितीच्या तारांची नळी विजेच्या नळीपासून दूर, आणि एक नळी दोरी ओवून रिकामीच ठेवलेली, कारण वीस वर्षांनीं काय ओढावें लागेल हें कोणास ठाऊक! बदल झाला तो वरच्या बाजूस. स्लॅबवर पत्र्याऐवजीं उतरतीं कौलें, मधली जागा दोन्ही टोंकांस जाळी लावून वाऱ्यास मोकळी, पश्चिमेची भिंत पोकळ हलक्या ठोकळ्यांची आणि तिच्यापुढें पडवी. पावसाळ्यांत मूर्तीचा रंग वाळावयास वारा लागतोच, म्हणून पडवीस कारखान्याच्या मंडळींनींही मान डोलावली.

आजींनीं पुन्हां कागद मागून घेतला. "पेंढा नाही आता, मग वर काय ठेवाल?" मूर्तींचे साचे, असें ठरलें.

आम्ही निघालों त्या दिवशीं स्लॅबच्या सळया बांधून होत आल्या होत्या आणि त्यांमधून नळ्या अंथरण्याचें काम चाललें होतें. मृगापूर्वीं स्लॅब पडलीच पाहिजे म्हणून सर्वांची घाई होती.